आवड की पाटी?

समलिंगी डेटिंग ॲपवर कुठल्या वंशाचा जोडीदार हवा हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न, त्यात वंशवाद शोधू नका, असं एका लेखाच्या लेखकाचं म्हणणं. मला अर्धंच पटलं. कोणाच्या मनात काय आहे ते तपासायला कोणी जात नाही हो! पण प्रोफाइलवर 'नो एशियन्स' लिहिणं म्हणजे दारावर पाटी ठोकणं, आणि ती वाचतो एशियनच.

ऑस्ट्रेलियात दोन हजारांवर समलिंगी आणि उभयलिंगी पुरुषांचा अभ्यास झाला, २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. असल्या पाट्या ज्यांना खटकत नव्हत्या, त्यांची एकूण वंशाबद्दलची मतंही जास्त पूर्वग्रहाची निघाली. मग 'निव्वळ आवड' कशी म्हणायची?

ग्राइंडर या समलिंगी डेटिंग ॲपचंच बघा. २०१८ मध्ये 'काइंडर' नावाची सौजन्य मोहीम काढली, पण वंशानुसार माणसं गाळायचा फिल्टर तसाच ठेवला. तो काढायची घोषणा झाली जून २०२० मध्ये, जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाची पोलिसाने हत्या केल्यावर अमेरिका पेटली तेव्हा. (अल्पसंख्याकांतल्या काहींना तो फिल्टर आपली माणसं शोधायला उपयोगी पडायचा, हेही खरं.)

आणि आपण फार हसायला नको. २०१५ मध्ये मुंबईतल्या एका आईने मुलासाठी वर हवा म्हणून जाहिरात दिली. धाडसाचं कौतुक आहेच, पण 'जातीची अट नाही' म्हणून पुढे कंसात 'अय्यर असल्यास उत्तम' होतंच. नंतर तो विनोद होता असं सांगितलं गेलं. असेलही. आपल्याकडच्या प्रोफाइलवरची आडनावं, 'गोरा हवा' आणि 'बायकी नको' मात्र विनोदाने लिहिलेली नसतात.