खुलासा : जास्त वॅट म्हणजे अंगणात जास्त आवाज, असं नाही

‘अंगणात गाणी लावायची तर जास्तीत जास्त वॅटचा एकच दणकट स्पीकर घ्या, उघड्यावर वॅटच कामाला येतात,’ असा सल्ला सध्या मेसेजमधून फिरतोय. कृपया त्यावर विसंबून खरेदी करू नका.

वॅटचा आकडा स्पीकर किती वीज पेलू शकतो ते सांगतो. आवाज किती येईल ते सेन्सिटिव्हिटीवरून कळतं, म्हणजे १ वॅट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल. ९० डेसिबलचा स्पीकर ५० वॅटवर जेवढा वाजतो, तेवढं वाजायला ८७ डेसिबलच्या स्पीकरला १०० वॅट लागतात. वॅट दुप्पट केले तरी वाढतात फक्त ३ डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटायला मात्र साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात!

उघड्यावर खरी अडचण अंतराची आहे. आवाज परतवायला भिंती नसतात, त्यामुळे अंतर दुप्पट झालं की सुमारे ६ डेसिबल कमी होतात. एकच स्पीकर असेल तर २ मीटरवर बसलेल्याला शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं आणि ८ मीटरवरच्याला शब्दही नीट कळत नाहीत. म्हणून माझं स्पष्ट मत : बसायच्या जागेभोवती चार लहान स्पीकर, तोंडं आतल्या बाजूला, आवाज बेताचा. शेजाऱ्यांनाही त्रास कमी.

त्याच मेसेजमधलं ‘आयपी ६७ असला की बारा महिने बाहेर ठेवा’ हेही अर्धवट आहे. ते रेटिंग धूळ आणि पाण्याचं आहे. उन्हाने प्लॅस्टिक तडकतं, त्याची हमी त्यात नाही.