साडेतीनशे रुपयांचा खटला

लाँड्रीतून आलेली पँट मी कमरेला लावून पाहिली. पुढून कशीबशी पुरली, मागे मात्र वीतभर उघडा मुलूख राहिला. लांबी एवढी की घोट्याखाली चार बोटं कापड जमिनीवर लोळत होतं. मी तसाच खाली गेलो. म्हणजे लेंगा घालून, पँट हातात घेऊन.

"आटली असेल," लाँड्रीवाला म्हणाला.

"कमरेत आठ इंच आटली आणि लांबीत चार इंच वाढली?"

"टेरीवूल आहे काका. जुनं कापड. कधी कसं वागेल सांगता येत नाही."

"माझी निळी होती. ही काळी आहे."

"ड्रायक्लीनिंगनं रंग खुलतो."

निळ्याचा खुलून काळा झालेला मी आयुष्यात प्रथमच पाहत होतो. सूट माझ्या लग्नातला, १९९८ सालचा. भाच्याच्या रिसेप्शनला घालायचा म्हणून साडेतीनशे रुपये मोजून धुवायला दिला होता. कोट जसाच्या तसा परत आला, आणि त्याच्याबरोबर हा परका, सडपातळ इसम. मी गुलाबी पावती काढली. तिच्यावर कार्बनच्या पुसट अक्षरात एवढंच होतं : '३६. १ सूट. ₹ ३५०.'

"यात पँट कुठे लिहिलीये?" त्यानं विचारलं.

"सूट लिहिलंय ना!"

"म्हणजे तुम्हाला सूट दिली होती."

"किती सूट दिली होती?"

"ते लिहिलेलं नाही."

इथे मी भडकलो. पँट गेल्याचं दुःख मला तोवर फारसं झालं नव्हतं. पण समोरचा माणूस 'चुकलं' एवढा एक शब्द सोडून बाकी सगळी मराठी भाषा वापरतोय म्हटल्यावर माझ्यातला ग्राहक जागा झाला. "कोर्टात खेचीन!" असं मी दुकानात आठ गिऱ्हाइकं उभी असताना म्हणालो. गिरगावात असं वाक्य मोठ्यानं उच्चारलं की ते आपल्याआधी घरी पोचतं.

जिना चढतो तर दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत अण्णा माझी वाट पाहत उभे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. अण्णा ती १९८९ सालापासून चढताहेत. मालकानं जागा खाली करून मागितली, त्याचा दावा. मूळ मालक गेला, त्याचा मुलगा गेला, नातू अमेरिकेला गेला, दावा आहे तिथेच आहे. अण्णांना घरातले वाढदिवस आठवत नाहीत, पण पुढची तारीख संकष्टीसारखी पाठ असते.

"लघुवाद न्यायालय!" अण्णा म्हणाले. "नावातच आलं. लहान वाद. चालत जाशील, दहा मिनिटांवर. धोबीतलावला."

धोबीतलावला! मला तर हा शुभशकुनच वाटला. एके काळी जिथे तळ्यावर धोबी कपडे धूत, तिथेच सरकारनं धोब्याशी झालेले तंटे मिटवायची सोय करून ठेवावी, म्हणजे इंग्रजांच्या दूरदृष्टीची कमाल. (तसं काही नसतं, हे पुढे कळलं. १८८२ च्या कायद्यावर चालणारं हे न्यायालय प्रामुख्यानं मालक-भाडेकरूंची भांडणं ऐकतं. अण्णांना ते आवडतं ते माहेर म्हणून.)

अण्णांनी दुसरा सल्ला दिला तो असा, की पुरावा हातचा सोडायचा नाही. त्यांनी स्वतः पंचनामा लिहिला. पंच म्हणून अण्णा आणि इस्त्रीचे कपडे घेऊन आलेला पोरगा, जो बिचारा प्रतिस्पर्धी दुकानाचा असल्यानं फार आनंदानं सही करून गेला. परकी पँट साडीच्या दुकानाच्या पिशवीत घातली, तोंडाला चिकटपट्टी, पट्टीवर सह्या, आणि पिशवी माळ्यावरच्या ट्रंकेत.

आठवड्यानं लाँड्रीवाला स्वतः जिना चढून आला. "काका, ती पँट द्या परत. मी शोधतो तुमची."

"ती आता पुरावा आहे," मी म्हणालो. गॅलरीतून अण्णांनी मान डोलावली. लाँड्रीवाला बराच वेळ दारात उभा राहिला आणि निघून गेला. मला जिंकल्यासारखं वाटलं.

बायको हे सगळं शेंगा सोलत पाहत होती. शेवटी तिनं एकच प्रश्न विचारला. "अहो, पण ती पँट तुम्हाला बसत होती का?"

कुठल्याही उलटतपासणीत साक्षीदार कोसळतो तो अशाच प्रश्नाला. खरं सांगायचं तर गेली दहा वर्षं त्या पँटचं वरचं हुक माझ्या आणि तिच्या परस्पर संमतीनं उघडंच असायचं. कोट बंद ठेवला की कळत नसे. पण न बसणाऱ्या पँटवरचा मालकी हक्क कमी होतो असं कुठल्या कायद्यात लिहिलंय?

ते विचारायला आम्ही रविवारी गोरेगावला साडूकडे गेलो. साडू वकील आहे. मी त्याच्यासाठी भरपाईचा तक्ता करून नेला होता : पँट चार हजार, धुलाई साडेतीनशे, रिसेप्शनला झब्ब्यावर जावं लागलं त्याची नामुष्की दहा हजार, मानसिक त्रास पन्नास हजार.

साडूनं तक्ता बाजूला ठेवला. "पावती."

ती त्यानं उलटी करून मागची बाजू वाचायला घेतली. तिथे मुंगीएवढ्या अक्षरात चौदा अटी होत्या, हे मला ठाऊकच नव्हतं. सातवी : माल हरवल्यास धुलाईच्या पाचपटीहून अधिक भरपाई मिळणार नाही. नववी : बटणे, चेन, हुक, अस्तर यांची जबाबदारी नाही. चौदावी : वरील सर्व अटी ग्राहकास मान्य आहेत.

"मला कुठे मान्य होत्या?"

"म्हणून तर चौदावी," साडू म्हणाला. "तरी घाबरू नका. छापलं म्हणून कायदा होत नाही. अशा एकतर्फी अटी ग्राहक आयोग डोळे मिटून मानतोच असं नाही. पण दादा, पन्नास हजार मानसिक त्रास? एका पँटचा?"

मग त्यानं चहा मागवला आणि मला समजावून सांगितलं. अण्णा ज्याला अजून 'ग्राहक मंच' म्हणतात तो २०१९ च्या कायद्यानं जिल्हा ग्राहक आयोग झाला. वस्तूपोटी किंवा सेवेपोटी आपण मोजलेली रक्कम पन्नास लाखांपर्यंत असेल तर तक्रार तिथे करायची. पाच लाखांपर्यंत फी शून्य. मुदत दोन वर्षं. वकील लागत नाही, आपली बाजू आपण मांडायची. तक्रारही आता ऑनलाइन दाखल होते. म्हणजे शहाण्यांनी म्हण केली तेव्हाची ती पायरीच उरली नाही, तिच्या जागी ओटीपी आलाय.

"आणि निकाल?"

"कायदा म्हणतो, शक्यतो तीन महिन्यांत. मालाची तपासणी लागली तर पाच." एवढं बोलून त्यानं चहाचा मोठा घोट घेतला. 'शक्यतो' या शब्दावर त्याला आणखी बोलायचं नव्हतं, हे मला कळलं.

"त्याआधी १९१५ वर फोन करून पाहा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. फुकट आहे."

"केला," मी म्हणालो. खरंच केला होता. पलीकडच्या मुलीनं माझी हकीकत न हसता ऐकून घेतली. लग्नानंतर माझं इतकं सलग कुणी ऐकलं नव्हतं. शेवटी तिनं विचारलं, "व्यवहाराची रक्कम किती, सर?" साडेतीनशे म्हणताना माझा आवाज आपोआप खाली आला.

"मग तुझी गरज कधी लागते?" मी साडूला विचारलं.

"चेक वटला नाही तर त्याच दिवशी फोन करा. बँकेचा मेमो आल्यापासून तीस दिवसांत नोटीस जावी लागते. मग समोरच्याला पंधरा दिवस, त्यानंतर महिन्याभरात फिर्याद. ते दिवस मोजायला वकील लागतो. कोर्टाचं समन्स आलं तर या. घराच्या कागदावर सही करण्याच्या आधी या. सही करून येतात लोक, तेव्हा मी फक्त फी घेऊ शकतो. आणि समोरच्यानं वकिलामार्फत नोटीस पाठवली तर ती फ्रिजवर लोहचुंबकानं लावून ठेवू नका, घेऊन या. फी परवडत नसेल त्यांच्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. बायकांना तर उत्पन्न कितीही असो, वकील मोफत."

बायकोनं बशी खाली ठेवली. "कुणाच्याही विरुद्ध?" तिनं विचारलं.

विषय बदलण्यासाठी मी खिशातून माझ्या नोटिशीचा मसुदा काढला. 'ज्याअर्थी आपण माझ्या विवाहप्रसंगीच्या विजारीचा अपहार करून वर तिच्या आटण्याविषयी खोडसाळ विधाने केलीत, त्याअर्थी…' अशी चार पानं. साडूनं त्याच्या सात ओळी केल्या. कधी काय दिलं, पावती क्रमांक काय, परत काय मिळालं, काय हवंय, किती दिवसांत. 'खोडसाळ' हा शब्द तरी राहू दे म्हणून मी फार विनवलं. नाही राहिला.

अण्णांनी बजावलं होतं, नोटीस म्हणजे रजिस्टर्ड एडी. पोस्टातल्या बाई म्हणाल्या, रजिस्टर्ड पोस्ट २०२५ साली स्पीड पोस्टात विलीन झालं, आता तेच करा, पोचपावती मिळेल. संध्याकाळी ही बातमी सांगितली तेव्हा अण्णा खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत. एखादा जुना मित्र गेल्यासारखं "रजिस्टर्ड गेलं?" म्हणाले.

पंधरा दिवसांची मुदत दिली होती. अकराव्या दिवशी पोस्टमन आला. जाडजूड लिफाफा, वकिलाचं लेटरहेड. 'माझ्या अशिलाच्या मालकीची काळ्या रंगाची विजार आपण वारंवार मागणी करूनही बेकायदेशीररीत्या ताब्यात ठेवली असून, त्यामुळे माझ्या अशिलास नोकरीच्या मुलाखतीस आपल्या मापाची…' पुढे भरपाई पाच हजार आणि या नोटिशीचा खर्च अडीच हजार.

म्हणजे फिर्यादी म्हणून निघालेला मी वाटेतच आरोपी झालो होतो. अण्णांना दाखवली तर त्यांचा चेहरा उजळला. "आता खरी केस झाली!" म्हणाले. मी मात्र फ्रिजकडे न पाहता गोरेगावची लोकल पकडली.

साडूनं नोटीस वाचली, खाली वकिलाचं नाव पाहिलं आणि फोन लावला. "अरे, ती पँटची नोटीस तुझी का?… हो हो, आमचे साडूच… नाही रे, चांगला माणूस आहे, जरा हट्टी… शनिवारी लाँड्रीत? चालेल." तीन मिनिटं. त्यातली दोन कुठल्या तरी तिसऱ्याच वकिलाच्या मुलीच्या लग्नाबद्दल.

शनिवारी मी पिशवी बगलेत मारून गेलो. समोर चोवीस-पंचवीस वर्षांचा काटकुळा पोरगा उभा होता, हातात माझी निळी पँट. मुलाखतीच्या सकाळी लाँड्रीतून थेट घेऊन गेला होता. वेळ नव्हता, म्हणून पट्ट्यानं आवळून तीच घातली. "उठताना एका हातानं धरून ठेवली होती, काका," तो म्हणाला. "त्यांनी शेकहँडला हात पुढे केला तेव्हा प्रॉब्लेम झाला."

लाँड्रीवाल्यानं अण्णांची चिकटपट्टी कातरीनं कापली. पँट उलटी केली. कमरेच्या आत, पिनेनं टोचलेली नखाएवढी पांढरी चिंधी, तिच्यावर न जाणाऱ्या शाईत ६३. मग निळी उलटी केली : ३६. महिनाभर तो आकडा माझ्या माळ्यावर, माझ्याच ट्रंकेत, माझ्याच सहीनं सीलबंद पडून होता. माझ्या पावतीवरच्या आकड्याशी ताडून पाहावा असं दोन्ही पंचांना सुचलं नव्हतं.

"पोरगा नवीन आहे," लाँड्रीवाला म्हणाला. "आकडे उलटसुलट लावतो. मी त्याच आठवड्यात आलो होतो तुमच्याकडे."

माझ्यात आणि त्याच्यात एवढे दिवस छत्तीसचा आकडा होता तो खरोखरच छत्तीसचा होता, हे मी त्याला सांगणार होतो, पण त्याच वेळी तो म्हणाला, "चुकलं काका." मग मलाच काय बोलावं सुचेना. मी त्या पोराला म्हणालो, "माझंही चुकलं." पोरगा म्हणाला, "नोकरी मिळाली हो, टेन्शन नाही." नोटिशीचा खर्च कुणीच कुणाला दिला नाही. त्याच्या वकिलानं, म्हणजे त्याच्या मामानं, फी घेतलीच नव्हती. माझ्या वकिलानं दोन डझन पुरणपोळ्या घेतल्या.

घरी येऊन पँट घालून पाहिली. हुक आता उघडं ठेवूनही भागेना. महिन्याभराच्या तंट्यात मी बहुधा जास्त खाल्लं असणार. बायको म्हणाली, आत दाब असेल, शिंप्याकडून सोडवून घ्या.

नाक्यावरच्या शिंप्यानं दाब चाचपला. "दीड इंच सुटेल. गुरुवारी या."

"पावती?"

"पावती कशाला काका? मी काय पळून चाललोय?"

मी हललो नाही. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या कॅलेंडरचा गेला महिना फाडला आणि त्याच्या पाठीवर खडूनं लिहिलं : '१ पँट. कंबर सोडणे.'

"रंग लिहा," मी म्हणालो. "आणि खडू नको, पेन घ्या."