आधी पुरावा, मग शिक्षा: डिचोलीच्या एका शिक्षिकेच्या आक्षेपांना उत्तर

आदरणीय भगिनी, सप्रेम नमस्कार.

बालकांवरील लैंगिक अत्याचारांच्या खटल्यांविषयीच्या माझ्या लेखावर आपण पाठवलेली प्रतिक्रिया लक्षपूर्वक वाचली. पाच-सहा वर्षांचे मूल असल्या गोष्टी मनाने रचत नाही, तेव्हा त्याची उलटतपासणी घेणे हाच दुसरा अत्याचार होय. पोक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा, आरोपीला दोषी गृहीत धरत असताना तो सुटतोच कसा. आणि कायद्यात वीस वर्षांची शिक्षा असताना न्यायाधीश दहांवर का थांबतात, असे आपले आक्षेप आहेत. मी फाशीच्या बाजूने लिहिले नाही म्हणून मी आरोपीची कड घेतो, असेही आपण म्हटले आहे.

मुलाची साक्ष कोर्ट कमी लेखते, हा समज आधी दूर व्हायला हवा. आपल्या साक्षीच्या कायद्यात साक्षीदाराला वयाची अट नाही; प्रश्न समजून त्याचे सुसंगत उत्तर देता येणे एवढीच अट आहे. बारा वर्षांखालील मुलाला शपथेचे गांभीर्य कळत नसेल तर शपथेविना साक्ष घेता येते, आणि तेवढ्याने ती साक्ष बाद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५१ सालीच रामेश्वर खटल्यात सांगितले. विश्वासार्ह वाटल्यास अशा एकट्या साक्षीवर दोषसिद्धी होऊ शकते. वैद्यकीय तपासणीत जखम आढळली नाही म्हणूनही खटला पडत नाही. न्यायाधीश पारखतात ते एवढेच, की मूल स्वतःचे सांगते आहे की पढवलेले. बचाव पक्षाचे वकील बोट ठेवतात तेही नेमके इथेच, आणि त्याची संधी त्यांना बहुधा आपणच, म्हणजे मुलाभोवतालची मोठी माणसे, देतो. आई विचारते, मग आजी, मग शेजारीण, मग शाळा. प्रत्येक जण उत्तर सुचवणारा प्रश्न विचारतो आणि महिन्याभराने पोलिसांसमोर येणारी हकिकत मुलाची किती आणि घराची किती, हे ठरवणे अवघड होऊन बसते.

याच कारणासाठी पोक्सोमध्ये जबानीचे नियम बारकाईने घातले आहेत. मुलाची जबानी त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता घ्यायची आणि मूल जसे बोलेल तशीच लिहायची. आपल्याकडे गोव्यात मूल कोंकणीत बोलते, कित्येकदा घरी कन्नड वा हिंदी बोलणारे असते, आणि कागद मात्र इंग्रजीत तयार होतो. तेव्हा दुभाषा घेण्याची कायद्यातील तरतूद वापरली गेली की नाही, यावर पुढे पुष्कळ अवलंबून असते.

उलटतपासणी मात्र रद्द करता येणार नाही. ज्याला वीस वर्षे तुरुंगात घालायचे, त्याला साक्षीदाराला प्रश्न विचारू न देणे न्याय ठरणार नाही. परंतु ते प्रश्न वकिलाने थेट न विचारता न्यायाधीशांमार्फत विचारायचे, खटला बंद दालनात चालवायचा, मुलाला आरोपी समोर दिसू द्यायचा नाही आणि वारंवार कोर्टात बोलवायचे नाही, हे कायद्यानेच बंधनकारक केले आहे. मुलाची साक्ष विशेष न्यायालयाने दखल घेतल्यापासून तीस दिवसांत नोंदवावी, असेही त्यात आहे. ही मुदत ओलांडली जाते, याबाबत मात्र आपला संताप मला पूर्णपणे मान्य आहे.

पोक्सोच्या कलम २९ चे, म्हणजे आरोपीला दोषी धरून चालण्याचे, गृहीतक आपण समजता तसे आपोआप लागू होत नाही. मूल अठरा वर्षांखालचे आहे आणि गुन्हा घडल्याचा मूलभूत पुरावा आहे, हे अभियोग (सरकारी) पक्षाने आधी दाखवावे लागते; त्यानंतरच ते खोडून काढण्याचा भार आरोपीवर येतो. वयाचा प्रश्न गोव्यात त्या मानाने सुकर, कारण जन्मनोंदणीची शिस्त इथे पोर्तुगीज काळापासूनची आहे. भक्कम पुराव्याचे मोल मडगावच्या फ्रेडी पीट्सवरील, मुलांच्या लैंगिक शोषणाच्या खटल्यातही दिसले. तेव्हा ना पोक्सो होता, ना २००३ चा गोवा बाल कायदा. तरीही जप्त केलेली छायाचित्रे आणि मुलांच्या साक्षी यांच्या आधारे १९९६ साली जन्मठेप झाली.

दहा वर्षांच्याच शिक्षेचे कारण बहुतेक वेळा गुन्ह्याच्या तारखेत असते. बारा वर्षांखालील मुलावरील गंभीर अंतर्भेदी (शरीरात प्रवेश करून केलेल्या) लैंगिक अत्याचाराला किमान वीस वर्षे, आणि कमाल मृत्युदंड, ही पोक्सोतील दुरुस्ती १६ ऑगस्ट २०१९ पासून अमलात आली. त्यापूर्वी पोक्सोत किमान शिक्षा दहा वर्षे होती, आणि राज्यघटनेच्या कलम २० नुसार गुन्हा घडला त्या दिवशीच्या कायद्याहून जास्त शिक्षा देता येत नाही. म्हणून २०१७ च्या गुन्ह्याचा निकाल आज लागला, तरी वीस वर्षांची ती किमान मर्यादा न्यायाधीशांना लावता येत नाही. उलट किमान मर्यादेच्या खाली जाण्याची मुभाही त्यांना नाही.

फाशीविषयी माझे मत बदललेले नाही. आरोपी पुष्कळदा काका, शेजारी किंवा शिकवणीचा मास्तर असतो. त्याला फास लागेल या धास्तीने घरच तोंड बंद करते, आणि एकमेव साक्षीदार संपवण्याचा मोह गुन्हेगाराला होतो. लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्यांत सुधारणा सुचवणाऱ्या न्यायमूर्ती वर्मा समितीनेही २०१३ साली बलात्कारासाठी मृत्युदंडाची शिफारस केली नव्हती.

शाळेने आधी स्वतः चौकशी करावी काय, असे आपण शेवटी विचारले आहे. करू नये. मुलाने सांगितलेले त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळेसह लिहून ठेवावे आणि लगेच पोलिसांना कळवावे. १०९८ वरही मदत मिळते. पोक्सोच्या कलम १९ नुसार कळवणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे, न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत आणि संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलाने आपल्याला प्रथम काय सांगितले, याची आपली साक्षही पुढे त्याच्या जबानीला दुजोरा देणारा पुरावा ठरते.