मनःशांती आणि पांढरा जेल पेन

डोकं शांत करायला झेंटँगल करा, म्हणजे छोट्या कागदावर पॅटर्न काढत बसा, असं सांगणाऱ्यांनी पांढऱ्या जेल पेनबद्दल आधीच बोलायला हवं होतं. तशी पद्धत अगदी साधी आहे हो, रिक रॉबर्ट्स आणि मारिया थॉमस या दोघा अमेरिकनांनी बसवलेली. साडेतीन इंचाचा चौकोनी कागद घ्यायचा, त्याला टाइल म्हणायचं, आधी मनात आभार मानायचे (कुणाचे ते आपलं आपण बघायचं), कोपऱ्यांत चार ठिपके, ते जोडून चौकट, आत पेन्सिलीने एक वेडीवाकडी रेघ म्हणजे स्ट्रिंग, आणि जे कप्पे होतील त्यात पेनने पॅटर्न भरत बसायचं. खोडरबर नाही, कारण चूक असं काही नसतंच म्हणे. पांढऱ्या कागदावर हे खरंच जमतं. टिपल नावाचा पॅटर्न तर निव्वळ लहानमोठे गोळे, काढता काढता मस्त तंद्री लागते.

मग हाव सुटते आणि आपण टॅन, म्हणजे फिकट तपकिरी, कागद आणतो.

टॅन कागदावर मधला रंग कागदच पुरवतो, आपण फक्त सावली गडद करायची, उजेड पांढरा करायचा आणि बाकी सोडून द्यायचं. रेनेसाँच्या काळात चित्रकार रंगीत कागदावर असंच काम करायचे, म्हणून या टॅन टाइलचं नावच रेनेसाँ. ऐकायला झकास! पण पांढऱ्या कागदावर उजेड कुठून येतोय हे कुणी विचारत नव्हतं, इथे एकेक गोळा विचारतो. डावीकडून म्हणावं तर शेजारच्याला आधीच उजवीकडून पांढरं लागलेलं, म्हणजे एवढ्याशा टाइलवर दोन दोन सूर्य.

आणि तो पांढरा जेल पेन! रफ कागदावर गिरवा, छान चालतो. टाइलवर टेकवा, मुका. जरा दाबा, की भळकन एवढा मोठा थेंब. तो वाळेपर्यंत हात अधांतरी धरून बसायचं, श्वासाचं वगैरे नंतर बघू, कारण तळहाताची कड टेकली की तो हायलाइट शेजारच्या कप्प्यात राहायला जातो. बरं, पांढरी खडूची पेन्सिल घ्यावी तर तिच्यावरून शून्य पॉइंट पंचवीस मिलिमीटरचा मायक्रॉन नावाचा शाईचा पेन फिरवला की टोकात भुकटी अडकून तो बंद, आणि साध्या पेन्सिलीच्या, म्हणजे ग्रॅफाइटच्या, सावलीला ती जरा जरी लागली तर दोघं मिळून मळकट राखाडी डाग. म्हणून आधी शाई, मग सावली, सगळ्यात शेवटी पांढरं आणि दोघांच्या मधे कागदाची पट्टी कोरी. या कोऱ्या पट्टीनेच मला छळलंय. हातात पेन असताना काही न काढणं हे माणसाच्या स्वभावात नाही, निदान माझ्या तरी नाही.

"काय चाललंय?" घरातून विचारणा होते.

"मेडिटेशन."

"मग दातओठ का खातेयस?"

शेवटची पायरी म्हणजे टाइल हात लांब करून धरायची आणि कौतुकाने बघायची. ही पायरी ज्यांना सुचली ते खरे जाणकार, कारण तेवढ्या अंतरावरून दोन सूर्य कळत नाहीत, डाग सावलीसारखे दिसतात आणि सांडलेला थेंब तर मुद्दाम ठेवलेला वाटतो, बघणारे "वा, काय चमक आणलीयस" म्हणतात आणि आपण गप्प राहायचं.

आता कळलंय की काळी टाइलपण मिळते. तिच्यावर अख्खं चित्रच पांढऱ्या पेनने काढायचं असतं.

मागवलीय.