‘नाही’ कुणी म्हणायचं?

“सगळी चूक पायलटची. विषय संपला,” कॅप्टन म्हणाला, आणि विषय तिथूनच पेटला.

शिवाजी पेठेतला आमचा कट्टा फुटबॉलवाल्यांचा. शाहू स्टेडियमवरची मॅच सुटली की सगळे इथं जमतात. त्या दिवशी गोलकीनं एमिलियानो सालाचं नाव काढलं. अर्जेंटिनाचा स्ट्रायकर, वय 28, फ्रान्समध्ये नांतकडून खेळायचा. जानेवारी 2019 मध्ये कार्डिफ सिटीनं त्याला दीड कोटी पौंडांना घेतलं, क्लबची तोवरची सगळ्यात महाग खरेदी. सही करून तो सहकाऱ्यांचा निरोप घ्यायला नांतला परत गेला आणि 21 जानेवारीच्या संध्याकाळी एका इंजिनच्या पायपर मालिबू विमानातून कार्डिफला निघाला. तासाभरात, गर्नसी बेटाच्या उत्तरेला इंग्लिश खाडीवर, विमान रडारवरून गेलं. आत दोघंच होते, साला आणि पायलट. कार्डिफसाठी तो एकही मॅच खेळू शकला नाही.

कॅप्टन म्हणजे आमच्यातला एकटा विमानवाला. गोंदियाला शिकला, कमर्शियल लायसन्स काढलं, आता लहान विमानांवर पोरांना शिकवतो. त्यामुळं या विषयावर तो बोलायला लागला की आम्ही आधी ऐकून घेतो, भांडतो नंतर.

“त्या माणसाकडं खासगी लायसन्स होतं,” तो म्हणाला. “म्हणजे हौसेनं उडव, दोस्ताला शेजारी बसव, इंधनाचा खर्च वाटून घे. भाडं घेऊन माणसं न्यायची नाहीत. रंग ओळखण्यात दोष होता म्हणून रात्री उडवायची परवानगी नाही. तसलं विमान उडवायचं रेटिंग, म्हणजे लायसन्सवरची परवानगी, नोव्हेंबरमध्येच संपलेली. आणि हा जानेवारीच्या अंधारात, ढगाळ हवेत, समुद्रावरून निघाला. आता तूच सांग, दुसऱ्या कुणाला दोष देऊ?”

ब्रिटनच्या एएआयबीचा, म्हणजे विमान अपघात तपास शाखेचा, अहवाल मार्च 2020 मध्ये आला. तो त्यानं नीट वाचलाय. बहुधा ढगाबाहेर राहण्यासाठी पायलटनं हातानं वळण घेतलं, त्यात ताबा सुटला, आणि वेग इतका वाढला की विमान हवेतच मोडलं. अंधारात, खाली समुद्र असताना क्षितिज दिसत नाही. अशा वेळी आपण सरळ चाललोय की तिरके, हे शरीर खोटं सांगतं, असं कॅप्टन म्हणाला. त्यासाठीच उपकरणांवर उडायला शिकवतात, आणि ते सुद्धा सराव ठेवला तरच उपयोगाचं.

“पण त्या गॅसचं काय?” मिस्त्रीनं विचारलं. मिस्त्रीचं गॅरेज आहे. इंजिन कुठलंही असो, त्याला त्यात रस.

सालाचा मृतदेह मिळाला तेव्हा त्याच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइडचं प्रमाण 58 टक्के निघालं. 50 च्या वर गेलं की माणूस बेशुद्ध पडतो, झटके येतात, हृदय बंद पडू शकतं. मिस्त्रीनं गाडीची किल्ली काढून कट्ट्यावरच्या धुळीत इंजिन काढून दाखवलं. बऱ्याच पिस्टन इंजिनच्या विमानांत केबिन गरम करायला वेगळी शेगडी नसते. एक्झॉस्टच्या तापलेल्या नळीभोवती पत्र्याचं एक कवच असतं. बाहेरची हवा त्या दोन्हींच्या मधून जाते, तापते आणि केबिनमध्ये येते. “आता इथं नळीला केसाएवढी चीर गेली,” किल्लीचं टोक त्या रेघेवर टेकवत तो म्हणाला, “की इंजिनचा धूर थेट आत. त्यातल्या ह्या गॅसला वास न्हाई, रंग न्हाई. थंडीच्या रात्री हीटर कोण बंद करतंय?” बंद बाथरूममध्ये गॅस गिझर लावून अंघोळीला गेलेली माणसं जातात, ती ह्याच गॅसनं. मग त्यानं असं काही सांगितलं की सगळेच त्याच्याकडं बघायला लागले. विमान उडवणारा तो माणूस पोटापाण्यासाठी गॅस हीटिंगचं काम करायचा. म्हणजे हा गॅस काय करतो हे पोटाच्या धंद्यामुळं त्याला आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त माहीत असणार, आणि विमानात इशारा देणारा डिटेक्टरच नव्हता. पायलटवरही या गॅसचा परिणाम झाला असावा, असं अहवाल म्हणतो.

“म्हणजे डोकंच ठिकाणावर नसेल तर चूक त्याची कशी?” गोलकीनं विचारलं.

“विमानात बसला तेव्हा होतं की ठिकाणावर,” कॅप्टन म्हणाला.

इथं मी मध्ये पडलो. माझं म्हणणं असं की अशी बातमी आली की पायलट लोक सगळ्यात आधी लायसन्स विचारतात, आणि ते मला समजतं. त्याच्याकडं कागद नव्हते, माझ्याकडं आहेत, म्हणजे माझं असं होणार नाही. त्या एका वाक्यानं दुसऱ्या दिवशी कॉकपिटमध्ये बसणं सोपं होतं. पण तो गॅस कागद बघून शिरत नाही. अमेरिकेच्या एनटीएसबीनं, म्हणजे तिथल्या अपघात तपासणाऱ्या सरकारी संस्थेनं, 1982 ते 2020 मधल्या विमान अपघातांची छाननी केली. त्यात 31 अपघात कार्बन मोनॉक्साइडमुळं झालेले निघाले, त्यांतले 23 जीवघेणे, आणि डिटेक्टर होता फक्त एका विमानात. त्या सगळ्यांचीच लायसन्सं काही खोटी नसणार.

कॅप्टनला ते लागलं, पण त्यानं मान्य केलं. “खरंय. सालानंतर तिकडच्या किती तरी पायलटांनी डिटेक्टर घेतले. आधी बरेच जण डॅशबोर्डवर एक कार्ड चिकटवायचे. गॅस असला की त्यावरचा ठिपका काळा पडतो. रात्री ढगात अडकलेला माणूस ठिपका बघत बसतोय व्हय? ओरडणारं यंत्र पाहिजे.” ब्रिटनमध्ये 1 जानेवारी 2025 पासून पिस्टन इंजिनच्या विमानात पायलट नसलेले प्रवासी बसवायचे असतील तर असा डिटेक्टर सक्तीचा आहे. सहा वर्षं लागली. कॅप्टन स्वतःचा डिटेक्टर बॅगेत घेऊनच फिरतो. त्यानं तो काढून दाखवला. काडेपेटीपेक्षा जरा मोठा. मिस्त्रीनं लगेच बटण दाबून तो वाजवला, तेव्हा रस्त्यापलीकडची कुत्री उठली.

वकील तोवर गप्प होता. तो बोलला तेव्हा मात्र मुद्द्याचं बोलला. “पांढऱ्या नंबरप्लेटची गाडी भाड्यानं फिरते, तसलाच हा प्रकार. प्रवाशाला काय दिसतं? चार चाकं, ड्रायव्हर, स्वच्छ सीट. प्लेट पिवळी का नाही, हे कोण विचारतं? सालाच्या व्यवहारातल्या एजंट मंडळींनी ओळखीतून विमान ठरवलं. विमानाचा कारभार बघायचा डेव्हिड हेंडरसन. तो स्वतः सुट्टीवर पॅरिसला, म्हणून त्यानं ह्या माणसाला पाठवलं. ह्याला परत माझं विमान देऊ नका, असं मालकिणीनं त्याला आधी बजावलं होतं. अपघातानंतर हेंडरसन काय करतो? लोकांना मेसेज पाठवतो, गप्प राहा म्हणून.” ऑक्टोबर 2021 मध्ये कार्डिफच्या न्यायालयात विमान धोक्यात घातल्याबद्दल तो दोषी ठरला. शिक्षा 18 महिने.

“अठरा महिने,” गोलकी म्हणाला, आणि एक शिवी दिली.

विमान भाड्यानं देणं म्हणजे चार्टर, आणि असल्या बेकायदा भाड्याला तिकडं ग्रे चार्टर म्हणतात. कायदेशीर चार्टर चालवणारे लोक ह्याविरुद्ध आधीपासून ओरडत होते, असं कॅप्टनच म्हणाला. नियमात बसणाऱ्या कंपनीचा पायलटांच्या तपासण्यांवर आणि देखभालीवर खर्च होतो. शेजारचा हौशी पायलट अर्ध्या पैशात तीच खेप मारतो. त्यामुळं सालाची बातमी आली तेव्हा तिकडच्या व्यावसायिक पायलटांत दुःखाइतकाच रागही होता. हे होणार हे त्यांना माहीत होतं.

गोलकीचं दुखणं वेगळंच. सालानं विमानातून दोस्तांना व्हॉट्सॲपवर आवाजी मेसेज पाठवला होता: विमान मोडायला आल्यासारखं वाटतंय, भीती वाटतेय. “भ्या वाटत होतं तर उतरायचं की, मर्दा!” गोलकी इतक्या तळमळीनं म्हणाला, जणू साला समोरच बसलाय. पण मला सांगा, आपल्यातला कोण उतरला असता? नवा क्लब, दुसऱ्या दिवशी पहिला सराव, माणसांनी धावपळ करून सोय केलेली. क्लबनं नेहमीच्या विमानाचं तिकीट देऊ केलं होतं, तेही नाकारून झालेलं. विमानातलं ज्याला काही कळत नाही, त्यानं नुसत्या भीतीवर उठून चालतं व्हायचं? प्रवाशाला हे कळणं शक्य नाही, म्हणून तर लायसन्स आणि परवाने काढलेत. साला घाबरूनही बसून राहिला, ह्याचा बोल मी त्याला लावणार नाही.

आणि पायलट? त्यानंही निघण्याआधी एका मित्राला फोनवर सांगितलं होतं की हे विमान काही खरं नाही. येताना त्यानं धडाम असा आवाज ऐकला होता. जाताना लाइफ जॅकेट अंगात घालूनच बसणार, असं तो म्हणाला होता.

“हे ऐकल्यावर मला त्याचा जास्तच राग येतो,” कॅप्टन म्हणाला. “पायलट इन कमांड म्हणजे काय? दुसरं काही नसलं तरी नाही म्हणायचा हक्क त्याचा.”

“पगारी पायलटच्या मागं कंपनी असते,” मी म्हणालो. “ह्याच्या मागं कोण? नाही म्हणाला तर पुढची खेप दुसऱ्याला.”

“कंपनीतबी दाब असतोच की.”

“असतो. पण तिथं रेटिंग संपलेला माणूस ड्यूटीवर चढतच नाही. त्याच्या हिमतीवर सोडलेलं नसतं.”

ह्यावर आमचं जमलं नाही. अजूनही जमलेलं नाही. कॅप्टनचं म्हणणं, शेवटचा माणूस कायम पायलटच. माझं म्हणणं, शेवटच्या माणसापर्यंत येऊच का द्यायचं?

गोलकीला मात्र शोधाचं सगळं पाठ होतं. सरकारी शोध तीन दिवसांत, 24 जानेवारीला थांबला. मग सालाच्या घरच्यांसाठी जगभरातून वर्गणी जमली, खेळाडूंनी पैसे दिले, आणि त्यावर डेव्हिड मर्न्स ह्या शोधकर्त्यानं बोट भाड्यानं घेतली. 3 फेब्रुवारीला समुद्रतळाशी, जवळपास 68 मीटर खोल, विमान सापडलं. सालाला वर काढता आलं. पायलट कधीच मिळाला नाही. “त्याच्याबी घरची वाट बघत असतील की,” गोलकी म्हणाला. एप्रिलमध्ये सालाचे वडीलही गेले. पुढं दोन्ही क्लब ट्रान्सफरच्या पैशांवरून भांडत राहिले, त्यावर बोलायची कुणाची इच्छा नव्हती.

वकिलानं शेवटी कॅप्टनला सरळच विचारलं. “तुला कुणी म्हणालं, एका पार्टीला गोव्याला सोडून ये, पैसे रोख, तर?”

“विचारलंय की,” कॅप्टन म्हणाला. “नाही म्हणालो.”

“मग?”

“मग काय. त्याला दुसरा कोणतरी मिळाला.”

“त्या दुसऱ्याला कुणी विचारलं नाही?”

“कोण विचारणार? विमान गेलं, परत आलं. काही झालं न्हाई.”