व्हिएतनामचं डायऑक्सिन आज नेमकं कुठे आहे?

एजंट ऑरेंज, म्हणजे व्हिएतनाम युद्धात अमेरिकेने फवारलेलं तणनाशक, म्हटलं की निष्पर्ण जंगलांचे फोटो फिरतात आणि चर्चा तिथेच संपते. पण त्यातलं डायऑक्सिन हे विष आज माणसांच्या पोटात जातं ते मुख्यतः जुन्या लष्करी विमानतळांच्या आसपास.

एजंट ऑरेंज म्हणजे २,४-डी आणि २,४,५-टी ही दोन तणनाशकं, निम्मी-निम्मी. पहिलं आपल्याकडे उसातल्या तणावर आजही मारतात. घात केला दुसऱ्याने. ते बनवताना तापमान प्रमाणाबाहेर गेलं की टीसीडीडी हे डायऑक्सिन तयार होतं. १९६२ ते १९७१ या काळात अमेरिकेने दक्षिण व्हिएतनामवर सात कोटी लिटरहून जास्त तणनाशकं ओतली. फवारणी करणाऱ्या सी-१२३ विमानाची सुमारे ३,८०० लिटरची टाकी चारेक मिनिटांत रिकामी व्हायची. एकरी ११ लिटर, तेही पाणी न घालता! हे प्रमाण किती जास्त आहे, ते शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

पानांवर पडलेलं डायऑक्सिन उन्हाने बरंचसं मोडतं. पण बिएन होआ, दा नांग, फू कात या लष्करी विमानतळांवर पिंपं साठवली, विमानं भरली, धुतली. सांडलेलं सगळं गटारांतून तळ्यांत गेलं. डायऑक्सिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, गाळाला चिकटतं. गाळ उकरणारे मासे आणि बदकं ते खातात, त्यांच्या चरबीत ते साठतं, तिथून माणसात आणि आईच्या दुधातून बाळात. माणसाच्या शरीरातलं प्रमाण निम्म्यावर यायला ७ ते ११ वर्षं लागतात. मासा धुतला, उकळला तरी विष जात नाही. म्हणून अशा तळ्यांत मासेमारीच बंद करावी लागते, आणि ज्याचं पोट तिच्यावर आहे त्याला दुसरा रोजगार द्यावा लागतो. हा दुसरा भाग नेहमी राहून जातो.

सफाई होऊ शकते, दा नांगला झाली. माती-गाळाचा बंदिस्त ढीग रचला, आत तापवणाऱ्या नळ्या खुपसल्या आणि किमान ३३५ अंश सेल्सिअसपर्यंत भाजला. सुमारे ९०,००० घनमीटर, २०१२ ते २०१८. बिएन होआत याच्या पाचपटीहून जास्त माती आहे.

आणि हा अन्याय बघा. १९९१च्या कायद्याने अमेरिकी सैनिकाला, तो व्हिएतनाममध्ये होता एवढ्यावर, ठरावीक आजारांसाठी भरपाई मिळते. आजार फवारणीमुळेच झाला हे सिद्ध करावं लागत नाही. व्हिएतनामी पीडितांचा ही तणनाशकं बनवणाऱ्या कंपन्यांवरचा दावा मात्र २००५मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने फेटाळला. ज्या निकषावर सैनिकाला पैसे मिळतात, तोच निकष बिएन होआच्या तळ्यातले मासे खाल्लेल्या आईलाही लावला पाहिजे.