बोलता यावे, गाता येऊ नये

उंची 165 सेंटिमीटर आणि वजन 118 किलो म्हणजे बीएमआय 43, हा हिशेब शल्यविशारदांनी माझ्याकडे नुसते पाहून केला. जठराचा बहुतेक भाग काढून टाकणाऱ्या स्लीव्ह शस्त्रक्रियेला मी तत्काळ होकार दिला, कारण घाम गाळण्याचे काम आता माझ्याकडून त्यांच्याकडे गेले, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. तारीख अर्थातच गणपतीनंतरची ठरली. त्याआधी रत्नागिरीत कोणी आपले पोट कापू देत नाही.

फिजिओथेरपिस्टबाईंनी मात्र रोज चालायला सांगितले. "चालून वजन उतरत असते तर मी इथे कशाला आलो असतो?" या माझ्या बिनतोड प्रश्नावर त्या शांतपणे म्हणाल्या, "हे वजनासाठी नाहीच. भूल सोसायला छाती तयार हवी, आणि ऑपरेशननंतर काही तासांतच तुम्हाला उठून चालायचे आहे. पडून राहिलात तर पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात." मग त्यांनी तीन चेंडू असलेले श्वासाचे यंत्र हातात ठेवले, जे घरी येताच पुतण्याने जप्त केले. सुरुवात दहा मिनिटांनी करायची, हळूहळू आठवड्याला 150 मिनिटांपर्यंत जायचे आणि वेग असा ठेवायचा, की चालताना बोलता यावे पण गाता येऊ नये. गाण्याचा प्रश्न नव्हता; मला बसल्याजागीही गाता येत नाही.

प्रश्न बोलण्याचा होता. आमच्या घरापासून रस्त्यापर्यंत 64 पायऱ्यांची चिऱ्याची पाखाडी आहे, श्रावणात तिच्यावर शेवाळ धरते आणि तिच्या दोन्ही अंगांना असलेल्या प्रत्येक पडवीत, खाली उतरणाऱ्या माणसाला "कुठे निघालास?" आणि वर चढणाऱ्याला "कुठे गेला होतास?" असे विचारण्याचा परंपरागत हक्क असलेले कोणी ना कोणी बसलेले असते. रस्त्यावर पोहोचलो की ओळखीचा रिक्षावाला "पैसे राहू देत, बसा हो" म्हणून अडवतो. चालण्यासाठी भाट्याच्या किनाऱ्यावरच्या सुरूबनात पोहोचायला मला, खरे सांगायचे तर, पायांपेक्षा भिडस्तपणाच जास्त आडवा आला.

पहिल्या दिवशी परतताना आठळ्या सोलत बसलेल्या काकींना मी "भाट्याला" एवढा एकच शब्द तीन पायऱ्यांत मिळून सांगितला आणि उरलेला श्वास खांबाला धरून घेतला. सहाव्या आठवड्यात मात्र मी न थांबता चढत चढत त्यांना शस्त्रक्रियेचे नाव, तारीख, आधीचे दोन आठवडे यकृत लहान व्हावे म्हणून घ्यायचा मोजका आहार आणि त्यात मोदक बसत नसल्याची व्यथा, असे सगळे साद्यंत ऐकवले. काकींचा हात आठळीवर थांबला.

"एवढा न धापता बोलतोस, बाळू, मग ऑपरेशन कशाला रे?"

याचे उत्तर देण्यासाठी मला पायरीवर बसावे लागले.